तलावपाळीपासून येऊरपर्यंत, शकूच्या पायांनी

विहिरीवर बायकांनी विचारलं, "ठाण्याला काय काय पाहिलंत?" आणि मी म्हणाले, "तलाव." एवढं बोलून घागर उचलली आणि घरी आले. मला चारचौघींत बोलता येत नाही. शब्द घशापर्यंत येतात आणि तिथेच बसून राहतात. पण आठ दिवसांत इतकं पाहिलं, इतकं चालले, की ते पोटात ठेवणंही जमेना. म्हणून दुपारी सासूबाई निजल्या की लिहायला बसते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेवढ्यात जमेल तसं. ज्या बायका ठाण्याला गेलेल्या नाहीत त्यांना समोर बसवून सांगते आहे असं धरून लिहिते. लिहिताना कोणी तोंडाकडे बघत नाही, हे फार बरं.

आधी जाण्याचं कारण. आमची शकू आता सहा वर्षांची होईल. माघात तिला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण पोर अंथरुणातून उठली तेव्हा पायांत जीव नव्हता. उभी राहिली की गुडघे लटपटायचे. चार पावलं टाकली की खाली बसायची आणि दोन्ही हात वर करायची. हात वर केले की कोणीतरी उचलायचंच, आणि बहुतेक वेळा सासूबाईच. आजारात त्यांनी नातीच्या उशाशी बसून दिवस काढले होते, त्यामुळे आता तिला जमिनीवर ठेवलं की त्यांचाच जीव खालीवर व्हायचा. "खाली ठेवू नका गं तिला," म्हणायच्या, आणि शकू दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या कडेवर.

डॉक्टरांनी तिचे पाय दाबून, वाकवून पाहिले आणि ह्यांना म्हणाले, "पायांत दोष काही नाही. चालण्याची सवय गेली आहे आणि धीर गेला आहे. मोकळ्या हवेत रोज चालवा, रडली तरी चालवा. असेच महिने गेले तर मग अवघड जाईल." जूनमध्ये तिला शाळेत घालायची होती. शाळा रुळांच्या पलीकडे. डोळे मिटले की मला एकच दिसायचं: चाळीतल्या सगळ्या मुली पाट्या घेऊन निघाल्या आहेत आणि माझी उंबऱ्यावर बसून हात वर करते आहे.

ह्यांची धाकटी बहीण ठाण्याला नौपाड्यात असते. मी त्यांना वन्सं म्हणते. त्यांचे यजमान शाळेत कवायतीचे मास्तर आहेत. त्यांना मी भाऊजी म्हणते, म्हणजे मनात म्हणते, तोंडाने फारसं काही म्हणत नाही. ते कामासाठी आमच्या डोंबिवलीला आले होते तेव्हा शकूला पाहून म्हणाले, "हिला आमच्याकडे आणा. आम्ही रोज संध्याकाळी फिरतोच, आमच्याबरोबर हीही फिरेल." ह्यांनी मे महिन्यात रजा काढली. सासूबाई म्हणाल्या, "चालायला ठाण्याला कशाला जायला हवं?" पण बेसनाचे लाडू त्यांनीच बांधून दिले आणि निघताना शकूला जी उचलली ती आम्ही गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत सोडली नाही.

तलावपाळी

डोंबिवलीत संध्याकाळी बाईने घराबाहेर पडायचं तर हातात काहीतरी लागतं. घागर, पिशवी, नाहीतर देवाची परडी. ठाण्यात मी पहिल्याच संध्याकाळी पाहिलं की बायका रिकाम्या हातांनी बाहेर पडतात. अंबाड्यात गजरा, पायात वहाणा, शेजारी नवरा, पुढे मुलं, आणि सगळी मंडळी तलावाभोवती नुसती चालत असतात. कोणाला कुठे पोचायचं नसतं. तलाव केवढा मोठा. एका बाजूला कोपिनेश्वराचं देऊळ, त्याच्या दिव्यांची पाण्यात पिवळी रेघ, काठाला झाडं, बसायला बाकं, पलीकडे टांगे उभे. पाण्यावरून वारा आला की पदर सावरावा लागतो. मला तर हसूच यायला लागलं, कारण नसताना.

मी नेहमीप्रमाणे ह्यांच्या चार पावलं मागून चालले होते. वन्संनी मागे वळून पाहिलं.

"वहिनी, ही वरात नाही. शेजारी चाला."

"असू दे," मी म्हणाले.

"असू दे काय? दादा, तू थांब जरा. बायको मागे सांडली तुझी."

हे थांबले. मी शेजारी गेले, पण दोन माणसांच्या मधे हात कुठे ठेवायचा ते मला कळेना, तेव्हा पदराचं टोक धरून चालले.

शकू ह्यांच्या कडेवर होती. भाऊजींनी तिला तलावाच्या काठावर, पाळीवर उतरवली आणि सांगितलं, "या घराचा एक नियम आहे. फिरायला निघालं की कोणी कोणाला उचलायचं नाही. मी दमलो तरी तुझी आत्या मला उचलत नाही."

"तुम्हाला उचलायला बैलगाडी लागेल," वन्सं म्हणाल्या.

शकू हसली, चार पावलं चालली, खाली बसली आणि हात वर केले. भाऊजी हातांची घडी घालून उभे राहिले. ती रडायला लागली. फिरणारी माणसं वळून बघू लागली. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "बाई, उचला की लेकराला," आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी वाकलेसुद्धा. ह्यांनी माझ्या दंडाला नुसता हात लावला. रस्त्यात, सगळ्यांसमोर. मी तिथेच ताठ झाले.

तेव्हा जवळच्या बाकावरची एक सिंधी म्हातारी उठली. फाळणीनंतर आलेली ही मंडळी ठाण्यात बरीच दिसतात. सलवार, डोक्यावरून पांढरी ओढणी, मांडीवर पापडांची टोपली. तिने एक भाजलेला पापड घेतला, शकूच्या समोर धरला आणि एक पाऊल मागे सरली. आणखी एक मागे. तोंडाने काहीतरी गोड गोड बोलत होती, आम्हाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. शकूचं रडणं थांबलं. ती जमिनीला हात टेकून उठली आणि पापडाच्या मागे मागे थेट त्या बाकापर्यंत गेली. म्हातारीने तिला पापड दिला, गालाला हात लावून बोटं स्वतःच्या ओठांना लावली. माझ्याकडे बघून तिने मान हलवली, जशी एक आई दुसऱ्या आईकडे बघून हलवते. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी, तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो.

दुसऱ्या दिवसापासून भाऊजींनी हीच युक्ती धरली. एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत जायचं, आणि पुढच्या बाकावर काहीतरी असायचं. एकदा ताडगोळे, एकदा चणे-शेंगदाणे, एकदा नुसत्या वन्सं, तोंड फुगवून बसलेल्या. ताडगोळे मी लहानपणानंतर प्रथमच खाल्ले. थंडगार, आतलं पाणी हनुवटीवरून ओघळतं, आणि बाकावर बसून, लोकांसमोर. सकाळी उन्हं तापायच्या आत म्युनिसिपालटीच्या बागेत जायचो. तिथे शकू कर्दळीच्या वाफ्याभोवती भाऊजींच्या मागून "डावा, उजवा" करत चालायची आणि एकदा माळ्यानेही खुरपं खांद्यावर टाकून त्यांच्या मागे पाय आपटले. तरी अर्ध्या तलावाच्या पुढे काही ती जाईना. तिथे आली की बसायची, आणि मग कितीही थांबा, उठायची नाही. आजी पाहिजे म्हणायची. शेवटी तिला उचलूनच घरी न्यावं लागायचं. नियम मोडला की भाऊजी हात मागे बांधून एकटेच पुढे चालू लागायचे.

मिठागरं

मधल्या एका दिवशी भाऊजी आम्हाला खाडीकडे घेऊन गेले. टांग्यातून उतरून बांधावरून चालायचं. एका हाताला खाडीचा चिखल, तिवरांची झुडपं, त्यात तिरके पळणारे लालसर खेकडे. दुसऱ्या हाताला पाण्याचे चौकोन, आरशांसारखे, आणि त्यांच्या कडेने मिठाच्या राशी. पाऊस तोंडावर आला म्हणून राशी पेंढ्याने शाकारायचं काम चाललं होतं. उरलेल्या उघड्या राशी उन्हात इतक्या पांढऱ्या की डोळे मिटावे लागत.

"आई, भात," शकू म्हणाली.

तिथे काम करणारा एक आगरी म्हातारा हसला. "चाखून बघ पोरी. पोटभर खा, फुकट हाय."

शकूने बोट लावून चाटलं आणि तिचं तोंड असं झालं की म्हातारा मांडीवर थाप मारून हसला. म्हाताऱ्याला हसवल्याचा अभिमान वाटून तिने पुन्हा चाटलं.

हे आणि भाऊजी पुढे बोलत चालले होते. सरळ चालण्यावर भाऊजींचा फार भर. छाती पुढे, नजर समोर. नजर समोर असल्यामुळे बांध वळला ते त्यांना दिसलं नाही, आणि ते गुडघ्यापर्यंत चिखलात गेले. ह्यांनी हात दिला तर हेही घसरले. दोघं निघाले ते पायमोजे घातल्यासारखे काळे, आणि भाऊजींची एक वहाण खाडीनेच ठेवून घेतली.

"आता नियम काय म्हणतो? उचलायचं का तुम्हाला?" वन्संनी विचारलं.

मी तोंडाला पदर लावला, पण हसू मावेना. हे माझ्याकडे बघत राहिले. चिखलात उभे राहून, कौतुकाने. घरी एका खोलीत चार माणसं असतात, तिथे असं बघायला कुणाला फावतं?

येऊर

शेवटच्या रविवारी येऊरच्या डोंगरावर. पायथ्यापर्यंत टांगा, पुढे ओळखीच्या माणसाची बैलगाडी, आणि गाडीवाट संपली की पाऊलवाट. मी कोकणातली असले तरी असं रान मला नवंच होतं. आमच्याकडे रान म्हणजे लाकडं आणायची जागा. इथे आम्ही रान बघायला गेलो होतो. बहाव्याची झाडं पिवळ्या झुंबरांनी लगडलेली, कुड्याला पांढरी फुलं, पाखरांचा गलका. एक पाखरू तर तांब्याच्या भांड्यावर ठोके घालावेत तसं सारखं ओरडत होतं. वर एक मोकळी जागा आहे. तिथून ठाणं दिसतं, तलाव हातातल्या आरशाएवढा, आणि लांब खाडीची वळणं. मी तिथे उभी राहिले ती मला हाका मारून हलवावं लागलं.

एका मोठ्या आंब्याखाली चादर पसरली. दशम्या, लसणीची चटणी, कांदा, कैरीचं लोणचं आणि सासूबाईंचे उरलेले लाडू. जेवण झाल्यावर शकू चादरीवर झोपली. गाडीतून उतरल्यावर ती जेमतेम आंब्यापर्यंत चालली होती, तीही दोनदा बसून. हे आणि भाऊजी वरच्या बाजूला आणखी काही दिसतं का ते बघायला गेले. वन्सं भांडी घेऊन ओढ्याच्या डबक्याकडे गेल्या. जाताना त्यांनी मला शकूशेजारी बसलेली पाहिलं होतं. मी मात्र कुड्याची फुलं काढायला उठले तेव्हा असं धरून चालले की वन्सं चादरीच्या पलीकडे, झाडाला टेकून पडल्या आहेत. झाडामागे त्यांचं लुगडं दिसलं असं वाटलं. तो वाळत टाकलेला टॉवेल होता.

ओच्यात फुलं घेऊन परत आले तर चादर रिकामी.

वन्सं ओढ्यावरून आल्या. "शकू तुमच्याबरोबर ना?" त्या म्हणाल्या, आणि मी म्हणाले, "तुमच्याबरोबर ना?" पुरुष परतले. सकाळीच गाडीवाल्याने सांगितलं होतं की खालच्या घळीत पाणी आहे, बिबट्या तिथे पाण्यावर येतो. हे तडक त्याच बाजूला धावले. भाऊजी आणि वन्सं जवळच्या आदिवासी पाड्याच्या वाटेने गेले. जाताना भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही इथेच थांबा. ती परत आली तर कोणीतरी हवं."

मी थांबले. पण उभं राहवेना. चालता न येणारी मुलगी गेली म्हणजे तिला कोणीतरी उचलून नेलं, एवढंच डोक्यात. माणसाने की जनावराने, पुढे विचार करवत नव्हता. मग वरच्या अंगाला, कोरड्या ओहोळाच्या पलीकडे, हसण्याचा आवाज आला. मोठ्या बाईचा, खणखणीत. मी ओहोळात उतरले, दगडांवरून हात टेकत चढले, आणि बघते तर करवंदीच्या जाळीपाशी एक वारली बाई टोपली भरत होती. गुडघ्यापर्यंत लुगडं, गळ्यात मण्यांच्या माळा. तिच्यासमोर शकू उभी. उभी. तोंड, हात, फ्रॉक, सगळं जांभळं.

"आई, ही पिकलेली आहेत," ती म्हणाली आणि मला एक करवंद दिलं.

मी तिला जवळ घेतली. मग त्या बाईला विचारलं, "तुम्ही उचलून आणलंत का हिला?"

"मी कशाला उचलू? मी जाळीत हात घातलेला, तं ही मागं उभी. आपल्या पायानं आली." तिने ओहोळाकडे हनुवटीने दाखवलं. "त्या दगडावरून बसत बसत आली. मी बघत होतंय. पडली नाय."

मी त्या ओहोळाकडे पाहिलं. मला स्वतःला तिथे हात टेकावे लागले होते.

पण आता ह्यांना सांगायला हवं होतं. ते घळीकडे खाली खाली चालले होते, झाडांतून त्यांचा सदरा क्षणभर दिसला आणि नाहीसा झाला. मी हाक मारली, "अहो." ती पुढच्या झाडापर्यंतसुद्धा गेली नसेल. शकूने "बाबा" म्हटलं, पण तापानंतर तिचा आवाज अजून बसलेलाच आहे.

"नाव सांग," ती बाई म्हणाली. "माझा आवाज त्या डोंगराला जाईल. काय नाव तुझ्या दादल्याचं?"

लग्नाला आठ वर्षं झाली, ह्यांचं नाव मी कधी तोंडातून काढलेलं नाही. एरवी आमच्याकडे कोणतीच बाई काढत नाही. शकूला विचारलं तर ती म्हणाली, "बाबा." तिला तरी कुठून ठाऊक असणार? घरात सासूबाई बाळ म्हणतात, वन्सं दादा म्हणतात, चाळीतले लोक आडनावाने हाक मारतात.

"अगं बाय, सांग ना. घळीत उतरतोय तो. मुकी का काय तू?"

नाव ओठांवर येत होतं आणि परत जात होतं. नवऱ्याचं नाव घ्यायची एकच रीत माझ्या जिभेला माहीत होती. हळदीकुंकवाला उखाण्यात घेतात तशी. मी डोळे मिटले आणि एका दमात म्हणाले:

"ओटीवर समई, समईत वात, माधवरावांच्या घरी आले जोडून हात."

बाईने माझ्याकडे पाहिलं. मग तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि सगळंच्या सगळं ओरडली. समई, वात, माधवराव, जोडून हात. तिला त्यातलं नाव कोणतं हे कळलं नव्हतं की मजा म्हणून केलं, हे मला आजही सांगता यायचं नाही. पाखरं उडाली. तिने पुन्हा ओरडून सांगितलं. तिसऱ्यांदा ओरडताना माझाही आवाज तिच्यात मिसळला, आणि "माधवराव" मी तिच्याही आधी म्हणाले. तो माझाच आवाज होता, आणि तो त्या डोंगराला जाऊन परत आला.

खालून "आलो, आलो" ऐकू आलं.

हे काट्यांतून, सदरा फाटलेला, धापा टाकत वर आले. शकूला पाहिलं आणि खाली बसलेच. मग म्हणाले, "मला वाटलं रानात कोणाचं तरी हळदीकुंकू आहे."

"तुमचंच नाव घेतलं हिनं," वारली बाई म्हणाली. "लय ओढून काढलं मी, तवा आलं."

तेवढ्यात भाऊजी आणि वन्सं पोचले. त्यांनीही ऐकलं होतं. "वहिनी, बारशाला कितीदा विनवलं तरी नाव घेत नव्हतात," वन्सं डोळे पुसत म्हणाल्या, "आणि इथे सगळ्या येऊरला सांगितलंत." माझे कान तापले, पण मला लाज वाटत होती की आनंद होत होता, ते मलाच कळत नव्हतं.

हे उठले आणि शकूला उचलायला वाकले. मी म्हणाले, "उचलू नका." सगळ्यांसमोर, ह्यांना, सरळ. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "ती चढून आली आहे. उतरूही दे."

उतरायला फार वेळ लागला. ओहोळात ती बसून घसरली, पलीकडे उठली. आंब्यापाशी आली आणि तिथे थांबलीही नाही, करवंदांचा द्रोण छातीशी धरून गाडीकडे चालत राहिली. वारली बाईने दिलेला तो द्रोण ती कोणालाही हातात घेऊ देईना. आम्ही पाचजणं, पुढे ती, मागे आम्ही मोठी चार माणसं, पावलं मोजल्यासारखी हळू टाकत. वाटेत ती दोनदा बसली. दोन्ही वेळा आम्हीही बसलो. हात तिने एकदाही वर केले नाहीत. गाडी दिसली तेव्हा भाऊजींनी शिट्टी घातली आणि वन्संनी त्यांना गप्प केलं, पोर बिथरेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी डोंबिवलीला परतलो. स्टेशनापासून शकू अर्धी वाट ह्यांच्या कडेवर होती, कारण उन्हं कडक होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी ह्यांना खूण केली आणि त्यांनी तिला खाली ठेवलं. समोरून सासूबाई येत होत्या. आम्ही आज येणार हे त्यांना ठाऊक होतं, सकाळपासून त्यांचं लक्ष वाटेकडेच असणार. नातीला रस्त्यावर उभी पाहून त्यांचा चेहराच उतरला. "अगं, खाली काय ठेवलंत तिला," म्हणत त्या धावतच आल्या, दोन्ही हात पुढे केलेले.

शकू म्हणाली, "आजी, बाजूला हो ना."

सासूबाई बाजूला झाल्या. शकू त्यांच्यासमोरून पुढे गेली, जरा डुलत, विहिरीवरून, पिंपळावरून, चाळीच्या दाराकडे. सासूबाई तिच्या मागोमाग निघाल्या, वाकून, दोन्ही हात तिच्या काखांखाली धरल्यासारखे पसरून, पण न लावता. उंबरा आला. शकूने चौकटीला हात टेकला, एक पाय आत टाकला, मग दुसरा. सासूबाई बाहेर तशाच उभ्या होत्या, हात पसरलेले, आणि त्यांत कोणी नव्हतं. मग त्यांनी त्याच हातांनी तोंड झाकलं आणि मला म्हणाल्या, "चहा टाक गं सगळ्यांना. तिलाही कपभर दे, चालून आली आहे."